काच छपराची, प्रश्न पन्हळीचा

पुढच्या काचेवर खडा बसला तर गाडीवाला हळहळतो. सनरूफची काच फुटली तर त्याच्या छातीत धस्स होतं. आवाजच तसा असतो. बार उडाल्यासारखा एक दणका, पाठोपाठ डोक्यावर सरसर काहीतरी ओघळल्याचा भास, आणि मग वाऱ्याचा घोंघाट. भानावर आल्यावर पहिला फोन सर्व्हिस सेंटरला किंवा ओळखीच्या काचवाल्याला जातो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: काच कितीला पडेल? प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. कोकणातल्या कौलारू घरावर माडाची झावळ पडून चार कौलं फुटली, तर शहाणा माणूस बाजारातून चार कौलं आणून गप्प बसत नाही. तो वर चढतो, एखादी रीप मोडली का ते चाचपतो, कौलांचे तुकडे पन्हळीत अडकलेत का ते बघतो. कौल फुटल्याचं नुकसान लगेच दिसतं. पन्हळ तुंबल्याचं नुकसान मृग लागल्यावर भिंतीवर ओल येते तेव्हा कळतं. सनरूफची काच बदलताना काच हा त्यातल्या त्यात सोपा भाग असतो, असं माझं म्हणणं आहे. तिच्या भोवतीची चौकट, तिचे रूळ, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आणि बसवणाऱ्याचा हात यांवर त्या दुरुस्तीचं आयुष्य ठरतं. आणि आपली सगळी घासाघीस मात्र काचेच्या किमतीवर चालते.

छपराला झरोका असलेली मोटार नवी नाही. जर्मनीतली वेबास्टो कंपनी १९३० च्या दशकात गाड्यांसाठी कापडी सरकती छतं बनवत होती, आणि अमेरिकेत नॅश या मोटार कंपनीने १९३७ मध्ये कारखान्यातूनच बसवून दिलेलं सरकतं छत विकायला काढलं. त्या काळी सरकायचं ते कापड किंवा पत्रा. कापड फाटतं, पत्रा गंजतो, पण दोन्ही फुटत नाहीत. काच आल्यावर प्रकरण बदललं, आणि काच मोठी होत गेली तसतसं ते आणखी बदललं. आपल्याकडे सनरूफ बरीच वर्षं महागड्या गाड्यांपुरतं होतं. २०१९ मध्ये एमजी हेक्टर छप्परभर काच घेऊन आली, २०२० च्या नव्या क्रेटामध्ये तशीच काच मिळू लागली, आणि २०२२ मध्ये ब्रेझाच्या रूपाने मारुतीनेही सनरूफ दिलं. आता तर छोट्या गाडीच्या गिऱ्हाइकालाही ते हवं असतं. मराठवाड्यातली फेब्रुवारी-मार्चची गारपीट, महाबळेश्वरची माकडं, सोसायटीच्या पाचव्या मजल्यावरची कुंडी आणि महामार्गावर ताडपत्री न बांधता खडी नेणारा डंपर, या सगळ्यांना आता वरून नेम धरायला दीड-दोन हात काच उपलब्ध झाली आहे.

बहुतेक सनरूफना टेम्पर्ड काच असते. ती समजून घेतली की पुढची निम्मी भांडणं मिटतात. साधी काच हव्या त्या आकारात कापून, कडा घासून, ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी गार हवेचे जोरदार झोत सोडतात. पृष्ठभाग आधी थंड होऊन घट्ट होतो. आतला गाभा मागाहून थंड होतो, आकसू पाहतो, पण बाहेरचं कवच त्याला आकसू देत नाही. परिणामी बाहेरचे दोन्ही थर कायमचे चेपलेले आणि मधला भाग कायमचा ताणलेला, अशा अवस्थेत ती काच जन्मभर राहते. चेपलेल्या पृष्ठभागावर तडा सहज रुजत नाही, म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी पट मजबूत. पण हा चेपलेला थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकाच असतो. चार मिलिमीटरच्या काचेत जेमतेम पाऊण मिलिमीटर. तेवढं ओलांडून एखादी जखम ताणलेल्या गाभ्यापर्यंत पोचली, की साठवलेली सगळी शक्ती एकदम सुटते आणि तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने काचभर पसरतो. तो बार उडाल्यासारखा आवाज याचाच. १६६१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत काचेच्या अश्रूच्या आकाराच्या थेंबांवर प्रयोग झाले होते. पाण्यात टाकून झटकन थंड केलेल्या त्या थेंबाच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो टिकायचा, आणि बारीक शेपटी मोडली की त्याचं पीठ व्हायचं. आपल्या छपरावर बसवलेला आहे तो त्याच थेंबाचा सपाट, सुसंस्कृत भाऊबंद.

तुकडे बारीक व्हावेत ही तर मुद्दाम केलेली सोय आहे. मोटारीच्या काचांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार टेम्पर्ड काच फोडून पाहतात, तेव्हा पाच सेंटिमीटरच्या चौरसात किमान ४० तुकडे भरावे लागतात. खडीसाखरेसारखे हे खडे ओरखडतात, पण सुऱ्यासारखी धार त्यांना नसते. या सोयीची किंमत अशी, की अशी काच दुरुस्त होत नाही. इथे पहिला आक्षेप येतो. पुढच्या काचेवरचा टवका तर काचवाला दोन थेंब राळ भरून बुजवून देतो, मग छपरावरचा का नाही? कारण पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन पातळ काचांच्या मध्ये प्लास्टिकचा चिवट पापुद्रा घालून ती बनवतात. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाच्या हातून काचेचं भांडं पडलं, तडकलं, पण विखुरलं नाही, कारण आत नायट्रोसेल्युलोज वाळून बसलं होतं. त्यातून हे तंत्र सुचलं आणि १९०९ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं, ही कथा प्रसिद्ध आहे. लॅमिनेटेड काचेच्या वरच्या थरात टवका उडाला तर तो तिथेच थांबू शकतो, म्हणून भरता येतो. टेम्पर्ड काचेत जखम गाभ्यापर्यंत गेली असेल तर भरायला काच शिल्लक नसते. आणि गेली नसेल, तर राळेने गेलेला चेपलेला थर परत येत नाही. टेम्पर्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. तेव्हा 'जरा भरून देतो, चालून जाईल' म्हणणारा माणूस एकतर काच ओळखत नाही किंवा गिऱ्हाईक ओळखून आहे. आपल्या छपरावर कोणती काच आहे ते पाहायला तज्ज्ञ लागत नाही. काचेच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांची मोहोर असते, तिच्यात बहुधा टेम्पर्ड किंवा लॅमिनेटेड असं लिहिलेलं सापडतं. फुटण्याआधी तिचा फोटो काढून ठेवलेला बरा. फुटल्यावर वाचायला मोहोर उरत नाही.

आता फुटण्याच्या कारणाकडे वळू, कारण कारण न शोधता बसवलेली नवी काच जुन्याच वाटेने जाऊ शकते. 'काहीच लागलं नाही, उभ्या गाडीत आपोआप फुटली' ही तक्रार थट्टेवारी नेण्यासारखी नाही. खड्याने केलेली जखम आज वरच्या थरातच थांबते. मग खड्ड्यांचे हादरे, दुपारचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांनी ती थोडी थोडी खोल जाते आणि चार दिवसांनी सोसायटीच्या आवारात काच फुटते. दगड मारणारा ट्रक तोवर सोलापूर ओलांडून गेलेला असतो. दुसरं कारण कारखान्यातलं. काचेत निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण राहिला, तर तापवताना त्याची रचना एक असते आणि झटकन थंड केल्यामुळे ती तशीच अडकून बसते. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी तो कण हळूहळू मूळ रचनेकडे परततो, परतताना किंचित फुगतो आणि ताणलेल्या गाभ्यात बसला असेल तर काच आतून फोडतो. उन्हात तापलेल्या छपरावर थंड पाणी मारल्याने काच फुटली, असंही सर्रास सांगितलं जातं. निरोगी टेम्पर्ड काच तापमानातला शंभर-दीडशे अंशांचा फरक पचवते, तेव्हा बादलीभर पाण्याने ती फुटणार नाही. जखमी काचेला मात्र तेवढं निमित्त पुरतं. 'बाहेरून दगड लागला असता तर काच आत पडली असती, ही तर वर फुगली आहे' असा युक्तिवादही ऐकू येतो. तोही टिकत नाही. काचेचे खडे झाले की ताण सुटून एकूण पसारा किंचित वाढतो, आणि धावत्या गाडीच्या छपरावरून जाणारी हवा वरचा दाब कमी करते. त्यामुळे बाहेरून मार बसला तरी काच वरच्या अंगाला फुगारा धरू शकते.

माझ्या मुद्द्याला सगळ्यात बळकट पुरावा अमेरिकेतून मिळतो. तिथल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक नियतकालिकाने २०१७ मध्ये सरकारी तक्रारनोंदी चाळल्या, तेव्हा १९९५ पासून सनरूफ फुटल्याच्या किमान ८५९ तक्रारी निघाल्या. त्या एका कंपनीच्या नव्हत्या, एका देशातल्या गाड्यांच्याही नव्हत्या. पण त्याआधीची, २०१२ ची एक घटना जास्त बोलकी आहे. ह्युंदाईने व्हेलोस्टर या मॉडेलच्या सुमारे साडेतेरा हजार गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या. कारण दिलं होतं ते असं, की कारखान्यात छपराची काच बसवताना ती कमकुवत झालेली असू शकते. खराब काच आल्याचं नव्हे, बसवताना इजा झाल्याचं हे कारण आहे. जिथे यंत्रमानव काच उचलतात, जिथे प्रत्येक स्क्रूचा पीळ मोजलेला असतो, तिथे बसवण्याने काचेला इजा होऊ शकत असेल, तर नाक्यावरच्या गॅरेजमध्ये एका बाजूने पकड घेऊन कोपऱ्यावर टेकवलेल्या काचेचं काय होत असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. टेम्पर्ड काचेचा जीव तिच्या कडेत असतो. मधोमध ती दणका सोसते, कडेला टोचणी पुरते. दक्षिण कोरियाने हाच विषय जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर नेला, तेव्हा त्यांचं बोट काचेच्या काळ्या किनारीवर होतं. चिकटद्रव्य आणि चौकट झाकणारी ती किनार म्हणजे काचेवर भाजून बसवलेला सिरॅमिक रंग, आणि त्या रंगाखाली काच इतर भागापेक्षा दुबळी पडते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर अभ्यासगट बसला. म्हणजे नेमकी ज्या भागाला चौकट, चिकट आणि कारागिराचा हात लागतो, तीच जागा सगळ्यात नाजूक.

सनरूफबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की काचेभोवतीचं रबर पाणी अडवतं. ते पाण्याचा जोर अडवतं, सगळं पाणी अडवत नाही, आणि त्याने अडवावं अशी रचनाही नसते. काचेच्या कडेने आत झिरपणारं पाणी झेलण्यासाठी खाली चारी बाजूंनी एक पन्हळ असते, आणि तिच्या कोपऱ्यांतून बोटापेक्षा बारीक नळ्या निघतात. पुढच्या दोन नळ्या पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांमधून उतरून दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत पाणी सोडतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून बंपरच्या आसपास. पत्र्याआड असल्याने त्या कधी दिसत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची आठवण होत नाही. जुन्या वाड्यात चौकातलं पाणी मोरीवाटे बाहेर जाई, ती मोरी बुजली की पाणी सरळ माजघरात येई, इथेही तसंच. नळी तुंबली की पन्हळ भरते, पाणी छताच्या अस्तरात मुरतं, खांबाच्या आतून उतरतं आणि पायाखालच्या गालिच्यात साठतं. गाडीला कुबट वास येऊ लागतो, मग एक दिवस एखादी खिडकी खाली होत नाही, कारण वायरिंगचे जोड नेमके तिथेच, खाली असतात. तोवर सहा महिने उलटलेले असतात आणि काच बदलल्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

काच फुटते तेव्हा तिचे हजारो खडे जातात कुठे? थोडे सीटवर पडतात, ते सगळ्यांना दिसतात आणि झाडले जातात. बरेचसे पन्हळीत पडतात, रुळांच्या खाचेत शिरतात, मोटरच्या केबलच्या वाटेत बसतात, नळीच्या तोंडाशी जमतात. म्हणून फुटल्यानंतरचा पहिला तास महत्त्वाचा. बटण दाबून 'उघडतं का बघू' हा मोह आवरायला हवा, कारण रुळातले खडे सरकत्या भागाखाली भरडले जातात आणि रूळ खरवडले जातात. मग काचेबरोबर चौकटही गेली. आतला पडदा बंद असेल तर तो बंदच ठेवायचा. त्याच्यावर साचलेला चुरा मागे सरकवला तर तो थेट यंत्रणेत जातो. गाडी बाजूला घेऊन, हातात जाड मोजे घालून सुटे खडे उचलायचे, जमल्यास व्हॅक्यूमने ओढायचे, आणि भोकावर जाड प्लास्टिक बाहेरच्या बाजूने चिकटपट्टीने बसवून सावकाश गाडी न्यायची. वेगात ते प्लास्टिक वर खेचलं जातं. कारण तेच, छपरावरचा कमी दाब. आणि कामाला सुरुवात होण्यापूर्वी, अगदी चुरा हलवण्यापूर्वी, फोटो. रुळांचे, पन्हळीचे, अस्तराचे.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर अनेकदा उलटं टोक गाठलं जातं. 'पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल', म्हणजे काच, चौकट, रूळ, मोटर सगळं. इथे वाचकाला वाटेल की चौकट आणि पन्हळ एवढी महत्त्वाची असेल तर सगळंच बदलणं उत्तम. माझ्याच युक्तिवादाची ती तर्कशुद्ध पुढची पायरी नाही का? नाही. सरकणारी पुढची काच बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजूंच्या मोजक्या स्क्रूंनी उचलणाऱ्या पट्ट्यांवर बसवलेली असते. ती कडेच्या रबरासह वेगळा भाग म्हणून मिळते आणि अस्तराला हात न लावता वरून काढता-घालता येते. उलट पूर्ण चौकट उतरवायची तर छताचं अस्तर खाली घ्यावं लागतं, खांबांवरची कव्हरं काढावी लागतात, आणि पडद्यासारख्या एअरबॅगा छपराच्या त्याच कडेने गेलेल्या असतात. हे काम नीट करणारे हात आहेत, पण कारण नसताना ते करवून घेण्यात शहाणपण नाही. एकदा निघालेलं अस्तर पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही, हे तर कुठलाही कारागीर खासगीत कबूल करील. तेव्हा 'असेंब्ली'चं समर्थन कशाने होतं ते विचारावं. रूळ वाकला आहे का, केबल तुटली आहे का, चौकट पिळली आहे का? तसं असेल तर ते दाखवता येतं. दाखवता येत नसेल तर ती सोय गाडीची नाही, बिलाची आहे. फक्त एक अपवाद मान्य करायला हवा. फांदी किंवा मोठा दगड पडून काच फुटली असेल तर छपराचा पत्रा आणि चौकट मोजून बघितल्याशिवाय नवी काच बसवू नये. पिळलेल्या चौकटीत बसवलेली काच चारी कोपऱ्यांवर सारखी टेकत नाही, आणि कडेवर कायमचा ताण घेऊन बसलेली टेम्पर्ड काच म्हणजे फुटायची तारीख ठरवून आलेली काच.

मग बाजारातली स्वस्त काच? 'काच ती काच, कंपनी काय सोन्याची देते?' हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. मोटारकंपन्या काच स्वतः ओततच नाहीत. सेंट-गोबेन सेक्युरिट किंवा असाही इंडिया यांसारखे काचउत्पादक ती पुरवतात, आणि तोच उत्पादक गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेली काच बदलीच्या बाजारात देत असेल, तर ती घेण्यात कमीपणा नाही. पण सनरूफची काच ही नुसती काच नसते. तिच्या कडेला साच्यात ओतलेली प्लास्टिकची किनार असते, खाली धातूची पट्टी चिकटवलेली असते, त्या पट्टीत स्क्रूंच्या जागा असतात, आणि छपराच्या बाकाशी जुळणारा बाक असतो. यातलं काहीही दोन मिलिमीटरने चुकलं तर रबर एका बाजूला दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूला उघडं पडतं. म्हणून मी किमतीआधी तीन गोष्टी बघेन: काचेवर आयएसआयची खूण आहे का, मोहोरेवरचा काचेचा प्रकार जुन्या काचेशी जुळतो का, आणि चौकटीत नुसती ठेवल्यावर चारी बाजूंची फट सारखी दिसते का. तिसरी तपासणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि क्वचितच केली जाते. जुनी काच लॅमिनेटेड असेल आणि कोणी टेम्पर्ड स्वस्तात देत असेल तर तो सौदा नाकारावा. लॅमिनेटेड काच फुटल्यावरही जागेवर टिकते, आणि गाडी उलटली तर डोक्यावर भगदाड नसणं ही छोटी गोष्ट नव्हे. 'टेम्पर्डला खालून फिल्म लावून घ्या, मग तीच गोष्ट' असंही सांगितलं जातं. तीच गोष्ट नाही. लॅमिनेटेड काचेतला पापुद्रा काचेच्या कडेपर्यंत जातो आणि काचेबरोबर चौकटीत धरला जातो. मागाहून लावलेली फिल्म दिसणाऱ्या काचेपुरतीच चिकटते, कडेखाली जात नाही. तिने चुरा अंगावर विखुरणार नाही हे खरं, पण अख्खी गोधडी एकदम लोंबू किंवा उडू शकते.

बसवण्याचं काम स्क्रू आवळून संपत नाही. काचेची पुढची कड छपराच्या पातळीला किंवा केसभर खाली आणि मागची कड केसभर वर असावी लागते, म्हणजे समोरून येणारा वारा कडेवर आपटत नाही. हा फरक साधारण एक मिलिमीटरचा. बोट फिरवून तो कळतो, आणि चुकला तर ताशी ऐंशीच्या पुढे शिट्टी वाजू लागते. स्क्रू आधी सैल ठेवून, काच बंद करून, चारी कोपरे जुळवून मगच आवळायचे असतात, तेही ठरलेल्या जोराने. पॅनोरॅमिक छपराचा मागचा न सरकणारा भाग वेगळा. तो पॉलियुरेथेनच्या चिकटाने पत्र्याला डकवलेला असतो. जुना चिकट ठरावीक जाडीपर्यंत कापून, प्रायमर लावून, नवा चिकट सलग वेटोळ्याने घालून काच टेकवावी लागते आणि मग थांबावं लागतं. हा चिकट हवेतल्या दमटपणाने घट्ट होतो, त्यामुळे त्याला लागणारा वेळ हवामानाप्रमाणे आणि चिकटाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. तो नळकांड्यावर लिहिलेला असतो. 'संध्याकाळी घेऊन जा आणि रात्रीच गावाला निघा' असं आश्वासन मिळालं तर नळकांडं दाखवायला सांगावं. शेवटी मोटरला नव्या काचेची ओळख करून द्यावी लागते. बहुतेक गाड्यांत बटण दाबून धरलं की यंत्रणा एक पूर्ण फेरी मारून काच कुठे उघडते आणि कुठे मिटते हे पुन्हा शिकते. हे केलं नाही तर मधेच अडकणं, बंद होता होता परत उघडणं असे चाळे सुरू होतात. बोट सापडल्यास काच मागे घेणारी सुरक्षा याच हिशेबावर चालते, म्हणून हा प्रकार नुसत्या गैरसोयीचा नाही.

आपल्याकडचा लाडका उपाय मात्र सिलिकॉनचा आहे. काच बसवली, पाणी मारलं, दोन थेंब आत दिसले, की काळ्या सिलिकॉनची जाड रेघ कडेने फिरवायची. 'सनरूफ उघडतो कोण? बंदच राहू द्या, गळणार नाही' हे त्यामागचं तत्त्वज्ञान. वर्षातून दोनदा उघडणाऱ्या माणसाला ते पटतंही. पण सिलिकॉन नेमकी ती फट बुजवतं जिच्यातून पाणी पन्हळीत जाणं अपेक्षित असतं. ते एका जागी सुटलं की, आणि उन्हाने तापणाऱ्या-आकसणाऱ्या छपरावर ते सुटतंच, पाणी त्या एकाच भोकातून येतं आणि वाट फुटेल तिकडे जातं. पुढच्या वेळी काच काढायची वेळ आली तर ती पत्र्यापासून खरवडावी लागते, म्हणजे रंग गेला, मागोमाग गंज. गळती ही बहुतेक वेळा रबराची नसून तुंबलेल्या नळीची किंवा वाकड्या बसलेल्या काचेची असते. नळी साफ करायला मऊ नायलॉनचा दोरा पुरतो. टोकदार तार आत नळीला भोक पाडते आणि कॉम्प्रेसरची हवा तिला खांबाच्या आत तोंडापासून उपटते. दोन्ही उपाय रोगापेक्षा वाईट.

पैशाचा प्रश्न अर्थात उरतोच, आणि विम्याचा कागद इथे विचित्र वागतो. फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर काही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, पण रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात; शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये दर दाव्यामागे खिशातून जातातच. दावा केला की नो क्लेम बोनस जातो. पहिल्या वर्षी तो २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षं दावा न करणाऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत पोचतो, तेव्हा तुटपुंज्या रकमेसाठी पाच वर्षांची पुण्याई खर्चायची का, हे गणित मांडून बघावं. 'आपोआप फुटली' या शब्दांची अडचण इथेच होते. विमा बाहेरून घडलेल्या अपघाताचं नुकसान भरतो, झीज आणि यांत्रिक बिघाड भरत नाही. गाडीच्या वॉरंटीवाले नेमकं उलट विचारतात: बाहेरून काही लागलं का? लागलं असेल तर आमची जबाबदारी नाही. एकाच चुऱ्याकडे बघून दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि चुऱ्यातून कारण सिद्ध करणं सोपं नसतं. काढलेले फोटो इथे उपयोगी पडतात. दाव्याच्या पहिल्याच पाहणीत काचेबरोबर रूळ, पन्हळ आणि नळ्या यांची स्थिती लिहून घ्यावी. दोन महिन्यांनी पाणी आत आलं तर ते याच घटनेचं शेपूट आहे हे दाखवायला दुसरा कागद नसतो. 'एवढी कटकट असेल तर सनरूफ घ्यावंच कशाला' असं कुणी म्हणेल. न घेणाऱ्याचं काही चुकत नाही. पण ज्याच्या छपरावर ते आधीच आहे त्याला या उत्तराचा काही उपयोग नाही.

गाडी ताब्यात घेण्याआधी मागायची ती चाचणी साधी आहे. सनरूफ पूर्ण उघडून पन्हळीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओतायचं आणि एकाने खाली वाकून बघायचं. काही क्षणांत चाकामागे किंवा दाराच्या बिजागरीशी धार लागली पाहिजे. मग उजवा कोपरा, आणि मागच्या नळ्यांची तोंडं जिथे हाताशी येतात तिथे त्याही. पन्हळीत पाणी थबकून राहिलं तर नळीच्या तोंडाशी अजून खडे आहेत, आणि अशा वेळी बिलावर सही करायची घाई नसते. पाणी खाली उतरलं आणि त्याच्याबरोबर काचेचे दोन-चार बारीक खडे जमिनीवर आले, तर पेला पुन्हा भरायचा.